आधी तुम्ही

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६.५०

संकल्प एकच. यंदा रस्त्यावर सौजन्य.

वजन, बीपी, पहाटे उठणं हे नेहमीचे तीन मुद्दाम घेतलेले नाहीत. ते दरवर्षी घेतो, दरवर्षी तेच होतं. या वेळी लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही.

पुढे कधी वाचताना संदर्भ लागला तर असावा म्हणून लिहून ठेवतो. वय छप्पन्न. लायसन्स गेल्या मे महिन्यात मिळालं. म्हणजे गाडी चालवण्याचा अनुभव आठ महिने, पण माणसांचा अनुभव छप्पन्न वर्षं. दुसरा जास्त महत्त्वाचा. रोज डोंबिवलीहून कल्याण-शीळ रोडने, मुंब्रा बायपासवरून ठाण्याला, खोपटच्या ऑफिसात. रोज तसाच परत. या आठ महिन्यांत एकाही माणसाने मला थँक यू म्हटलेलं नाही. मी थांबतो, लोक निघून जातात. हात नाही, मान नाही, काही नाही. शिव्या मात्र वेळच्या वेळी.

कोणीतरी सुरुवात करायला हवी. मी करतो.

चित्रा म्हणाली, "सुरुवात इंडिकेटरपासून करा." लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी बायकोला विनोद सुचतात, हे चांगलंच आहे.

२ जानेवारी, शुक्रवार

पद्धत ठरवली. कोणी आपल्याला वाट दिली की उजवा हात वर, पंजा उघडा, मान किंचित खाली. आपण वाट देताना हात खिडकीबाहेर, तळवा वर, उजवीकडून डावीकडे सावकाश. म्हणजे "आधी तुम्ही". हॉर्न दोन छोटे म्हणजे आभार. एक मोठा हॉर्न कधीही नाही.

आरशासमोर वीस मिनिटं सराव केला. चित्राने स्वयंपाकघरातून विचारलं, कोणाला बोलावताय.

५ जानेवारी, सोमवार. रात्री ८

पहिला दिवस उत्तम.

काटई नाक्याला एका टँकरला वाट दिली. त्याच्यामागे रिक्षा होती, तिलाही दिली. तिच्यामागे जे होते त्यांना न देणं बरोबर दिसलं नसतं. मेट्रोच्या पत्र्यांमुळे तिथे रस्ता आधीच निमुळता, त्यामुळे आठ-नऊ मिनिटं गेली. माझ्यामागे बराच हॉर्न वाजत होता. दोन छोटे नव्हते, पण भावना पोचली.

ऑफिसला पंचवीस मिनिटं उशीर. साहेबांना कारण सांगितलं. ते काही बोलले नाहीत. विचारात पडले असावेत.

७ जानेवारी, बुधवार

आज एक गोष्ट घडली.

घरापासून किलोमीटरभर पुढे दुभाजक तुटलेला आहे. तिथे रोज सकाळी पावणेआठच्या सुमारास एक मुलगी निळी स्कूटर घेऊन उभी असते. पंचवीस-सव्वीसची असेल. तिला रस्ता ओलांडून आमच्या डाव्या हाताच्या गल्लीत जायचं असतं, कोणी थांबत नाही, आणि ती एक पाय टेकून नुसती उभी. मी दुभाजकाच्या बाजूच्या लेनमधून जातो, कारण डावीकडच्या लेनमध्ये रिक्षा आणि खड्डे. म्हणजे ती माझ्या अगदी समोर येते.

आज थांबलो. हात बाहेर काढला. आधी तुम्ही.

ती जरा घुटमळली. माझ्या बॉनेटच्या टोकापर्यंत आली, पुन्हा थांबली, वाकून डावीकडच्या लेनमध्ये बघितलं आणि मगच गेली. जाताना मान हलवली.

मान हलवली! आठ महिन्यांत पहिली!

मधे थांबून वाकून बघायची खरं तर गरज नव्हती. मी हात केला होता. पण विश्वास बसायला वेळ लागतो.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

तिळगूळ सोबत नेला. शीळफाट्याच्या सिग्नलला उतरून मागच्या तीन गाड्यांना आणि एका डंपरला खिडकीतून दिला. डंपरवाल्याने दोन घेतले. सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला. ट्रॅफिकचा हवालदार आला. त्यालाही दिला. तो खात खात म्हणाला, "काका, गोड बोलतो, पण गाडी हलवा."

वातावरण बदलतंय.

१७ जानेवारी, शनिवार

सुट्टी. उपाशीपोटी शुगर तपासायला त्याच गल्लीतल्या लॅबमध्ये गेलेलो. रक्त घ्यायला आली ती तीच. निळ्या स्कूटरवाली! एप्रनवर नाव होतं, पायल ओव्हाळ.

तिनेच ओळखलं. "काका, ती सिल्व्हर गाडी तुमचीच ना? तुम्ही थांबता म्हणून मी हल्ली टायमावर पोचते." दंडाला रबर बांधलेलं होतं, तरी बरं वाटलं. मग सुई टोचता टोचता म्हणाली, "फक्त तुमच्या डावीकडच्या लेनमधले थांबत नाहीत हो. तुमच्या गाडीमुळे ते दिसत पण नाहीत मला. भीती वाटते."

तिला म्हटलं, "घाबरायचं नाही. मी आहे ना."

तिचे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते, खोपट डेपोला. सव्वीस वर्षं. आता रिटायर. आई नाही. घरी दोघंच. वडिलांना एकदा भेटायला हवं. सव्वीस वर्षं गाडी चालवली म्हणजे सवयी पक्क्या झाल्या असणार, पण सांगून बघायला काय हरकत आहे.

शुगर थोडी जास्त आली. ते संकल्पात नाही.

२१ जानेवारी, बुधवार

आज फुकटचा गैरसमज.

संध्याकाळी चित्राला घेऊन मानपाडा रोडने येत होतो. एक आजोबा भाजीची पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे. थांबलो, हात केला. ते निघाले. डावीकडून एक मोटारसायकल गेली. आजोबांना लागलं नाही. पिशवीला लागलं. रस्त्यावर सगळीकडे मटार. आजोबा मधेच खाली बसले आणि मटार गोळा करायला लागले. थँक यू म्हणाले नाहीत, पण त्या परिस्थितीत मीही अपेक्षा ठेवली नाही.

चित्राने आधी त्यांना कडेला नेलं, मटार भरून दिले, मग गाडीजवळ आली आणि आत न बसता बोलली. "तुम्ही त्यांना जा म्हणालात. मागून येणाऱ्याला विचारलं होतंत का?"

म्हटलं, विचारणार कसं? तो मागे होता.

ती रिक्षाने घरी गेली. म्हणाली, यापुढे तुमच्या गाडीत बसणार नाही. चूक मोटारसायकलवाल्याची आणि राग माझ्यावर.

२७ जानेवारी, मंगळवार

मागच्या काचेवर अक्षरं चिकटवून घेतली. मोठी, पिवळी. "मी वाट देतो. आणि तुम्ही?" पूर्ण काच व्यापली आहे. मागचं आता थोडं कमी दिसतं. पण मी मागे बघण्यापेक्षा मागच्यांनी वाचणं महत्त्वाचं.

संध्याकाळी बायपासवर मी एका बसला वाट द्यायला थांबलो तेव्हा एकाने इतक्या जवळून वाचलं की बंपर आत गेला. उतरून तो बरंच बोलला. त्यात माझ्या आईचाही उल्लेख होता. मी हात जोडले. त्याने आणखी बोलायला सुरुवात केली.

नवीन गोष्ट पचायला वेळ लागतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मोठं यश. मुद्दाम सविस्तर लिहितो.

पायल आता बॉनेटपाशी थांबत नाही. वाकून बघत नाही. मी हात केला की सरळ निघते. गेल्या आठवड्यात दोनदा किंचित थांबली होती, आज अजिबात नाही. एका महिन्यात एका अनोळखी माणसाच्या हातावर दुसऱ्या माणसाने इतका विश्वास ठेवणं, हे या रस्त्यावर पूर्वी कधी झालं असेल असं वाटत नाही.

ती गल्लीत शिरली आणि पाठोपाठ डावीकडून पाण्याचा टँकर गेला. माझी गाडी हलली त्याच्या वाऱ्याने. मधे दोन सेकंद तरी गेले असतील. दोन सेकंद भरपूर झाले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तिळगूळवाल्या हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली. तो आता माझ्याकडे निराळ्या नजरेने बघतो. म्हणाला, "काका, तुम्ही पोलीस आहात का?" नाही म्हटलं. "मग हात कशाला दाखवता? मी हात दाखवतो तेव्हा चारी बाजू थांबवून दाखवतो. तुम्ही फक्त स्वतः थांबता." आणि शेवटी, "एखाद दिवशी कोणाला तरी माराल."

व्यावसायिक मत्सर. दुसरं काय.

घरी चित्राला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. जेवताना पुन्हा विचारलं, नक्की काय म्हणाला तो? पुन्हा सांगितलं. तेव्हाही हसली नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ३

आज सकाळी अपघात झाला. म्हणजे मी पाहिला.

नेहमीची जागा. मी थांबलो. पायल उभी होती. निघाली. माझ्या गाडीपुढून पलीकडे गेली आणि डावीकडून टेम्पो आला. आवाज झाला. फार मोठा नव्हता. स्कूटर मेट्रोच्या पत्र्यांपर्यंत घसरत गेली. ती माझ्या पुढच्या चाकाजवळ.

टेम्पोवाला थांबला. पळाला नाही. तरुण आहे, भिवा नाव, टिटवाळ्याचा. त्यानेच तिला खांद्याकडून धरलं, मी पायाकडून. पाय धरायला नको होता. ती ओरडली. मागच्या सीटवर घेतली, भिवा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मी हॉर्नवर हात ठेवला तो हॉस्पिटल येईपर्यंत काढला नाही. सगळ्यांनी वाट दिली. रिक्षा, बस, डंपर, सगळे बाजूला झाले. मी कोणाला हात केला नाही.

कमरेचं आणि मांडीचं हाड. ऑपरेशन.

पोलीस आले. मला विचारलं, टेम्पो स्पीडमध्ये होता का. हो म्हटलं. असणारच. भिवा बाजूलाच उभा होता. त्याच्या शर्टाला रक्त होतं. तो माझ्याकडे बघत होता. त्याला घेऊन गेले.

ऑफिसला फोन केला, आज येत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी कमलेशने टाकलं : "आपल्या बी विंगचे दातारकाका यांनी अपघातग्रस्त मुलीला स्वतःच्या गाडीतून वेळेत हॉस्पिटलमध्ये नेऊन जीव वाचवला. माणुसकी अजून जिवंत आहे." खाली त्रेसष्ट जणांनी हात जोडले. मी मोजले.

लिफ्टमध्ये तिघांनी थँक यू म्हटलं. ते का म्हणाले कळलं नाही. त्यांची कोणी नव्हती ती.

चित्राने एकच विचारलं. "तुम्ही हात केलेलात का?"

आठवत नाही म्हणालो. हे खरं आहे. म्हणजे, आठवत नाही असं म्हणालो, हे खरं आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६

ऑपरेशन झालं. आत प्लेट टाकली आहे. हॉस्पिटलमध्ये जाऊन आलो. जायला हवंच होतं, ग्रुपवर सगळे विचारत होते.

वडील बाहेर बाकावर बसलेले. शिवराम ओव्हाळ. उंच माणूस. डॉक्टर म्हणतात सहा महिने, मग चालेल, पण पूर्वीसारखं की कसं ते आता सांगता येणार नाही. लॅबवाले किती दिवस थांबतील माहीत नाही. मी नाव सांगितल्यावर उठले आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. "साहेब, तुम्ही नसता तिथे तर..."

मी म्हटलं, पार्किंगचा प्रॉब्लेम आहे, निघतो.

हात खरखरीत होते. अजून जाणवतात.

१५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११

क्लबहाउसमध्ये सत्कार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. कमलेशने दोन शब्द बोला म्हटलं. विषय माझाच होता, रस्त्यावरचं सौजन्य. बारा मिनिटांचं भाषण तयार होतं, जानेवारीपासूनच होतं. उभा राहिलो. म्हटलं, "मी विशेष काही केलेलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली बसलो.

चित्रा आली नव्हती.

शाल टोचणारी आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९.३०, ऑफिस

सकाळी सोसायटीच्या गेटपाशी एक म्हातारी उभी होती. वॉचमनने गाडी थांबवायला लावली. भिवाची आई, आवडाबाई. टिटवाळ्याहून पहिल्या गाडीने आली होती. भिवाला जामीन झालाय, पण मालकाने टेम्पोवरून उतरवलंय. केस संपेपर्यंत दुसरंही कोणी गाडी देत नाही.

काच खाली केली.

म्हणाली, "सायेब, तुमी पुढंच होता ना? माझा पोरगा म्हणतो, मी जोरात नव्हतो आये. मला तो खोटं नाय बोलत. तुमी सांगा, जोरात होता का तो? तुमी जे सांगाल ते मी खरं मानीन."

मी घड्याळ बघितलं. म्हटलं, मला उशीर होतोय, पोलिसांना सगळं सांगितलेलं आहे.

"बरं, बरं," म्हणाली. "या तुमी." पायाशी ठेवलेलं गाठोडं उचललं, भिंतीला लागून उभी राहिली आणि गाडीला वाट दिली.

माझा हात स्टिअरिंगवरून उचललाच गेला नाही.

तुटलेल्या दुभाजकापाशी आज एक बाई लहान मुलीला घेऊन उभी होती. मी थांबलो नाही. न थांबता गेलो. आरशात बघायला गेलो तर मागच्या काचेवर नुसती पिवळी अक्षरं, सुलटी.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. नखाने अक्षरं काढायचा प्रयत्न केला. "मी" निघाला. बाकी घट्ट आहे.

उद्यापासून बसने जाईन. गाडीचं सर्व्हिसिंग राहिलंय, हे कारण.

२२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४

हे नीट लिहायला हवं.

सकाळी हॉस्पिटलला गेलो. चित्राने डबा दिला, पोळ्या आणि दुधीची भाजी. स्वतःहून दिला. पायल झोपली होती. शिवराम मला खाली टपरीवर चहाला घेऊन गेले. हॉस्पिटलच्या पायरीवर भिवा बसला होता. रोज येतो म्हणे, वर यायचं धाडस होत नाही, इथेच बसतो आणि संध्याकाळी जातो. मला बघून उठून उभा राहिला.

चहा घेताना शिवराम सांगू लागले. ऑपरेशन झाल्यावर दोन दिवस पोरगी गुंगीत होती. सारखं एकच विचारायची. "जाऊ का? जाऊ का?" त्यांना वाटायचं बाथरूमला म्हणतेय. नर्सला बोलवायचे. तर तसं नाही. पुन्हा तेच. जाऊ का?

मी कप खाली ठेवला. सांगितलं. मी हात केला होता. रोज करायचो. ती आधी वाकून बघायची, माझ्यामुळे बघायची बंद झाली. टेम्पो मी पाहिलाच नव्हता, आवाज झाल्यावर पाहिला. स्पीडचं मी पोलिसांना सांगितलं ते अंदाजाने सांगितलं. सगळं एका दमात. टपरीवाला ऐकत होता. ऐकू दे म्हटलं.

शिवराम ओरडतील असं वाटलं होतं. मारतील असंही वाटलं होतं. ते रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माहीत आहे मला."

कसं?

"तुम्ही भेटून गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी जागा बघून आलो. पत्र्याला स्कूटर घासल्याची खूण आहे. तुमची गाडी कुठे उभी होती ते समोरच्या पंक्चरवाल्याने दाखवलं. सव्वीस वर्षं स्टिअरिंग धरलंय साहेब. कोण कुठून आलं ते कळतं."

मग बोलला का नाहीत, विचारलं.

"तुम्ही बोलता का बघत होतो."

त्यांनी माझा कप उचलून टपरीवर ठेवला आणि म्हणाले, "ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी मास्तरने आम्हाला सांगितलेलं. माणूस दिसला की गाडी थांबवायची. पूर्ण थांबवायची. पण त्याला जा म्हणायचं नाही. जायचं की नाही ते त्याचं त्याला बघू द्यायचं. तुम्ही हात केला की तो बघायचा थांबतो."

मी म्हटलं, माझा उद्देश चांगला होता.

"असेल," म्हणाले. "वर जातो. ती उठली असेल." दोन पायऱ्या चढून वळले. "त्या पोराचं बघा आधी. माझं राहू दे."

हे सगळं लिहून झाल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं.

उद्या पोलीस स्टेशनला जाणार. नक्की.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात ऑडिट. उद्या.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

घसा बसला आहे. जबाब द्यायचा तर आवाज हवा.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वकिलाला विचारून जावं का? वकील म्हणेल जाऊ नका. मग न गेल्याचं कारण मिळेल. म्हणून वकिलाला विचारलं नाही. हा आजचा एकमेव धाडसी निर्णय.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ७

गेलेलो. गेटपर्यंत. आत खूप माणसं होती. बाकावर जागा नव्हती. परत आलो.

चित्राने दार उघडलं. चेहरा बघून काय ते समजली. म्हणाली, "सोमवारी मी येते. तुम्हाला एकट्याने जमणार नाही."

मी म्हटलं, तू माझ्यासोबत बसणार नाहीस म्हणाली होतीस.

"गाडीत बसणार नाही म्हणाले होते."

२ मार्च, सोमवार. दुपारी १

जाऊन आलो. रिक्षाने.

तिथला हवालदार चांगला माणूस होता. बसा म्हणाला, पाणी दिलं. मी अगदी सुरुवातीपासून सांगितलं. एक जानेवारीचा संकल्प, आरशासमोरचा सराव, टँकर, तिळगूळ, आजोबांचे मटार, लॅब, पिवळी अक्षरं. चाळीस मिनिटं. तो मधेच "हं" म्हणायचा, पण लिहीत काही नव्हता. मधे दोनदा फोन घेतला. मी आवडाबाईंपर्यंत आलो तेव्हा त्याने हाताने थांबवलं, कॉम्प्युटर जवळ ओढला आणि दोन बोटांनी टाइप करू लागला. पाच मिनिटांत झालं. प्रिंट काढून वाचून दाखवलं.

"मी, विश्राम दातार, वय ५६ वर्षे, राहणार डोंबिवली पूर्व, असे सांगतो की, दिनांक १० फेब्रुवारी रोजी सकाळी पावणेआठच्या सुमारास मी माझे वाहन उजव्या लेनमध्ये थांबवून स्कूटरवरील मुलीस हाताने पुढे जाण्याचा इशारा केला. डाव्या लेनमधून वाहन येत आहे किंवा कसे, हे मी पाहिले नव्हते. टेम्पोचा वेग मी पाहिलेला नाही. यापूर्वी वेगाबाबत सांगितले ते अंदाजाने सांगितले होते."

बस. एवढंच.

विचारलं, यावर पुढे काय होईल. म्हणाला, ते साहेब ठरवतील. तुमच्यावरही येऊ शकतं. लायसन्स आणलंय का? आणलं होतं. त्याने ते ठेवून घेतलं. दहा महिन्यांचं लायसन्स, कोपरेसुद्धा झिजलेले नव्हते.

कागद माझ्यापुढे सरकवला, पेन दिलं. मी पुन्हा एकदा वाचलं. मग म्हटलं, एक शब्द घालता येईल का. "इशारा"च्या आधी. "सौजन्याने."

त्याने वर पाहिलं. चिडला वगैरे नाही. खरोखरच न समजल्यासारखं विचारलं, "त्याने काय होईल?"

मी विचार केला. चित्राकडे पाहिलं. ती मांडीवर पर्स घेऊन समोरच्या टेबलाकडे बघत होती.

म्हटलं, राहू द्या.

सही केली. तो म्हणाला, खाली तारीख. तारीखही घातली.